फूटपाथ आणि रस्त्यामधल्या पट्टीत काय लावावं?

या पट्टीत माती कमी आणि डबरच जास्त निघतं. वीतभर खोल खणून खडी, सिमेंटचे तुकडे वेचून काढा आणि निम्मी माती, निम्मं शेणखत भरा. पहार मात्र नको, खुरपं-कुदळच वापरा. खाली केबल किंवा पाण्याची लाइन असू शकते.

सदाफुली इथे सगळ्यात भरवशाची. ऊन, धूळ सोसते आणि पानं कडू असल्यामुळे गाई-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. (जास्वंद लावाल तर गुरांची सोय होईल.) कडेला ऑफिस टाइम (चिनी गुलाब) किंवा रेन लिली. जून-जुलैत लावलं की पहिले दोन महिने पाणी घालायची फारशी गरज नाही. कण्हेर चिवट खरी, पण विषारी. शाळेच्या वाटेवर नकोच.

उंची गुडघ्याखालीच ठेवा, नाहीतर गेटमधून गाडी काढताना रस्ता दिसत नाही. रस्त्याच्या बाजूला फूटभर जागा मोकळी सोडा, गाडीतून उतरणारा पाय तिथेच पडतो. मोठं झाड लावायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा. एकदा वाढलं की १९७५च्या वृक्ष कायद्यामुळे ते परवानगीशिवाय तोडता येत नाही.