शाफ्ट न काढता बसणारी दोन भागांची पुली कशी डिझाइन करायची

अशा पुलीत सगळा खेळ हबच्या, म्हणजे शाफ्टला धरणाऱ्या मधल्या भागाच्या, पकडीचा असतो, रिम, म्हणजे बाहेरचं कडं, नंतर. दोन अर्ध्या भागांमध्ये साधारण अर्धा मिमीचा शिम (पातळ पट्टी) ठेवून बोल्ट आवळा आणि मगच शाफ्टच्या मापाचं भोक (बोअर) करा, नंतर शिम काढला की तेवढी फट राहते आणि बोल्ट आवळल्यावर खरी ताकद शाफ्टवर जाते. फट उरलीच नाही तर दोन्ही तोंडं एकमेकांना भिडतात, बोल्ट कितीही टाइट करा, पुली शाफ्टवर घसरणारच.

पकडीचा हिशोब सोपा आहे, एकूण बोल्टची ताकद गुणिले घर्षणांक गुणिले शाफ्टचा व्यास. समजा प्रत्येकी 10 किलोन्यूटनचे दोन बोल्ट, 50 मिमी शाफ्ट, घर्षणांक 0.15 धरला तर 150 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) पेलतो, आणि लोडचा टॉर्क याच्या निम्माच ठेवा, झटके येत असतील तर सरळ चावी (शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारी पट्टी) टाका. बोल्ट शाफ्टच्या जितके जवळ बसतील तितकं चांगलं, लांब गेले की बोल्टचा कान (बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग) वाकतो न् पकड ढिली पडते.

रिमचा जोड आऱ्यावरच घ्या, दोन आऱ्यांच्या मधे घेतला तर वेगात जोडाच्या वजनाने रिम बाहेर ओढली जाते. बसवताना शाफ्टवरचं तेल पुसा, बोल्ट आलटून पालटून आवळा, दोन्हीकडची फट सारखी दिसली पाहिजे.