सुरक्षेचा कायदा वाचताना पेन्सिल कुठे थांबवायची

एकतीस वर्षं मी कायद्याच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. मी वकील नाही, पदवी मराठीची. पण कायद्याचा मजकूर पोटासाठी अक्षर न् अक्षर वाचावा लागला की काही खोडी लागतात, आणि त्या निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. देशाच्या सुरक्षेसाठी नवा कायदा आला की ओळखीचे लोक विचारतात, "चांगला की वाईट, एका वाक्यात सांगा." एका वाक्यात मला येत नाही. मी म्हणते, मजकूर आणा, पेन्सिल आणा, आणि मी जिथे थांबते तिथे थांबा.

मजकूर म्हणजे राजपत्रातला किंवा विधेयकाची छापील प्रत. बातमी नको, भाषण नको, फॉरवर्ड तर नकोच. विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, ते सगळ्यात शेवटी वाचा. त्यात लिहिलेलं खोटं असतं असं नाही. दहशतवाद आहे, हल्ले होतात, माणसं मरतात, त्यासाठी राज्याच्या हातात काही असायलाच हवं. पण उद्या एखाद्याला उचलतील ते कलमाखाली, निवेदनाखाली नाही.

सुरुवात व्याख्यांपासून करा. प्रत्येक 'किंवा'भोवती गोल काढा. मला हे एका फजितीने शिकवलं. एका पुस्तिकेत मूळच्या 'किंवा'च्या जागी 'व' छापला गेला आणि माझ्या नजरेतून सुटला. दोन अटींपैकी एक पुरेशी होती, तिथे एका अक्षराने दोन्ही आवश्यक झाल्या. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापल्या आणि दोन संध्याकाळी बसून मीच त्या प्रती-प्रतीत डकवल्या. हाताला डिंक, मालकांचं तोंड वाकडं. तेव्हापासून 'किंवा' दिसला की मी थबकते.

आता आपल्याकडचा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा घ्या, ज्याला सगळे यूएपीए म्हणतात. त्याच्या १५व्या कलमात दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. साध्या भाषेत मांडायची तर, देशाची एकता, अखंडता, सुरक्षा धोक्यात आणण्याच्या उद्देशाने, किंवा ती धोक्यात येण्याची शक्यता असेल अशा रीतीने, बॉम्ब, स्फोटकं, बंदुका, विषारी वायू वगैरे वापरून, किंवा इतर कोणत्याही प्रकारच्या कोणत्याही साधनाने केलेलं कृत्य. पेन्सिलीने दोन जागा धरा. पहिली 'शक्यता'. उद्देश माणसाच्या मनात असतो आणि तो सिद्ध करावा लागतो. शक्यता मात्र बघणाऱ्याच्या नजरेत असते. दुसरी जागा म्हणजे 'इतर कोणत्याही साधनाने'. बॉम्बपासून सुरू झालेली यादी तिथे येऊन दार सताड उघडं टाकते. यादीतल्या पहिल्या चार वस्तू वाचून मान डोलावू नका, शेवटची वाचा. भीती दाखवायची असते ती यादीच्या सुरुवातीला, अधिकार घ्यायचा असतो तो शेवटी.

मग क्रियापदाकडे या. कोणाला काय 'वाटलं' की कारवाई होते? इथे मी जरा रेंगाळते, कारण माझ्या धंद्याचं सार या एका जागी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १८बी नावाचा नियम होता. एखादी व्यक्ती शत्रूशी संबंधित आहे असं मानायला गृहमंत्र्याकडे वाजवी कारण 'असेल', तर तो तिला स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना कैद, करू शकत होता. लिव्हरसिज नावाच्या माणसाने कोर्टात विचारलं, कारण आहे तर दाखवा. १९४१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं, कारण आहे असं मंत्र्याला प्रामाणिकपणे वाटलं की बास. लॉर्ड ॲटकिन एकटे अडून बसले. त्यांचा मुद्दा शाळेतल्या व्याकरणाचा होता. एखाद्याचा घोटा मोडला असेल तर, याचा अर्थ आपला घोटा मोडलाय असं त्याला वाटत असेल तर, असा होत नाही. पुढे जवळपास चाळीस वर्षांनी त्याच सभागृहाने बहुमताची चूक मान्य केली. तोवर युद्ध केव्हाच संपलं होतं.

म्हणून 'असेल' आणि 'वाटेल' यांच्या खाली वेगवेगळ्या रंगाने रेघ मारा. जिथे 'खात्री पटल्यास', 'मते', 'वाटल्यास' आहे, तिथे कोर्टाला आत शिरायला फट लहान असते.

शब्द इतका महत्त्वाचा का, याचं आपल्याकडचं उदाहरण १९६५चं आहे. समाजवादी नेते राममनोहर लोहियांना पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं. नियमात शब्द होते 'सार्वजनिक सुव्यवस्था', आदेशात लिहिलं होतं 'कायदा व सुव्यवस्था'. रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आदेश रद्द केला आणि लोहिया सुटले. न्या. हिदायतुल्लांनी एकात एक अशी तीन वर्तुळं कल्पायला सांगितली. सर्वांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सर्वांत आतलं, सर्वांत लहान, राज्याच्या सुरक्षेचं. हातात आलेल्या कायद्याच्या समासात ही तीन वर्तुळं काढा आणि प्रत्येक गुन्हा कुठल्या वर्तुळात पडतो ते लिहा. रस्ता अडवणं जर सगळ्यात आतल्या वर्तुळात जाऊन बसलं असेल, तर तिथे फुली.

यानंतर मुदत. कायदा कधी संपतो, हे पहिल्या कलमाच्या पोटकलमांत असतं किंवा कुठेच नसतं. १९१५चा भारत संरक्षण कायदा युद्ध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने एवढाच होता. युद्ध संपलं नोव्हेंबर १९१८ला, आणि मार्च १९१९मध्ये तसेच अधिकार शांततेतही चालू ठेवणारा रौलट कायदा आला. १९६२ची आणीबाणी चीनशी युद्ध सुरू झाल्यावर लागली. लढाई महिन्याभरात थांबली, आणीबाणी उठली जानेवारी १९६८मध्ये. लोहियांची अटक या मधल्या काळातली. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ला दोन वर्षांसाठी आला आणि १९९५ला गेला. तो गेल्यावरही जुने खटले चालूच राहिले, कारण तशी सोय आधीच लिहून ठेवली होती. तसाच दुसरा कायदा, पोटा, २००२ला तीन वर्षांसाठी आला आणि २००४ला रद्द झाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच वर्षी दहशतवादाविषयीची प्रकरणं यूएपीएत घातली गेली, आणि १९६७च्या त्या कायद्याला शेवटची तारीखच नाही. तेव्हा 'रद्द झाला' असं वाचलंत की लगेच शोधा, त्यातली कलमं कुठे राहायला गेली.

जामिनाचं कलम बहुतेक लोक बघत नाहीत, आणि माणसाचं आयुष्य तिथेच अडकतं. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८मध्ये यूएपीएत ४३ड हे कलम आलं. त्याने दोन गोष्टी केल्या. आरोपपत्राशिवाय कोठडी, कोर्टाच्या परवानगीने, १८० दिवसांपर्यंत नेता येते. आणि केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजनिशी, किंवा पोलिसांचा अहवाल वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर कोर्ट जामीन देऊ शकत नाही. पुन्हा वाचा. उलटतपासणी झालेली नाही, साक्षीदार उभा राहिलेला नाही, समोर कागद आहेत ते एका बाजूचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या वटाली निकालाने या टप्प्यावर पुराव्यात खोल शिरायला कोर्टांना मनाई केली. त्याच न्यायालयाच्या २०२१च्या नजीब निकालाने थोडी वाट काढली, की खटला वेळेत संपण्याची चिन्हं नसतील आणि कैद फार लांबली असेल, तर घटनात्मक न्यायालयं, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतात. म्हणजे आधी वर्षं जायला हवीत.

शेवटच्या पानांवर 'सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण' अशा मथळ्याचं कलम शोधा. ते जवळपास प्रत्येक कायद्यात असतं, त्यामुळे दचकू नका. बघायचं ते इतकंच, की अधिकाऱ्यावर खटला भरायला परवानगी लागते का आणि ती कोण देतं. १९५८च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यात ती केंद्र सरकारकडे आहे. ज्याच्या माणसांवर खटला भरायचा, त्याच्याच दारात परवानगी मागायची.

आणि जे लिहिलेलं नाही तेही वाचा. १९ फेब्रुवारी १९४२ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. लष्करी अधिकाऱ्याने ठरवलेल्या प्रदेशांतून 'कोणत्याही किंवा सर्व व्यक्तींना' हटवता येईल, असं त्यात होतं. जपानी हा शब्द कुठेही नव्हता. त्या आदेशाच्या जोरावर सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं छावण्यांत गेली, बहुतेक जन्माने अमेरिकी नागरिक. १९४४ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही हकालपट्टी चालवून घेतली. माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर मंजूर व्हायला १९८८ उजाडलं. 'कोणतीही व्यक्ती' असं दिसलं की ती व्यक्ती कोण असेल याचा अंदाज मी समासात लिहून ठेवते. अंदाज चुकला तर आनंदच आहे.

एवढं झालं की एक कोरा कागद घ्या आणि त्याच कायद्याखाली पकडलेल्या माणसाच्या वतीने अर्ज लिहायला बसा. 'प्रति' नंतर कोण? किती दिवसांत? मला कारणं सांगितली का? स्थानबद्धतेसाठी राज्यघटनेचं अनुच्छेद २२(५) कारणं सांगा म्हणतं, आणि २२(६) लगेच म्हणतं, सार्वजनिक हिताला बाधक वाटतील ती तथ्यं सांगायची गरज नाही. कारण कळेल, पण त्यामागची माहिती कदाचित कळणार नाही. अर्जात जिथे-जिथे जागा कोरी राहील, ती कायद्यातली भोकं. मी हे एकदा ओळखीच्या सहा जणांना करायला लावलं. चार जण 'प्रति'वरच अडले.

विधेयक समितीकडे असेल आणि सूचना-हरकती मागवल्या असतील तर पाठवा, पण 'हा काळा कायदा मागे घ्या' एवढंच लिहू नका. असे कागद मोजले जातात, वाचले जात नाहीत. खंड क्रमांक, ओळ, कोणता शब्द काढावा, त्याजागी कोणता घालावा, एका पानावर. 'शक्यता असेल' काढून 'उद्देशाने'. 'वाटल्यास' काढून 'लेखी कारणे नोंदवून'. शेवटी मुदतीचं एक पोटकलम स्वतः लिहून जोडा, तीन वर्षांचं. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती त्या पेन्सिलीने रंगवलेल्या प्रतीलाच टाचून ठेवा. पुढे दुरुस्ती आली की तीच प्रत काढायची असते.