बदलाला विरोध होतोय? आधी या चुका टाळा

नवी पद्धत जाहीर झाली की वरच्या केबिनमधून हमखास ऐकू येतं, ‘आपल्या लोकांची मानसिकताच नाही.’ हे निदान बहुतेक वेळा चुकतं.

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हारवूड या पायजम्यांच्या कारखान्यात केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामात बदल किरकोळच होता. एका गटाची सभा घेऊन सांगितलं, स्पर्धा वाढलीय, बदल हवाच, नवा पीस रेट, म्हणजे नगामागे मजुरी, अमुक. शंकांना उत्तरंही दिली. तरी घसरलेलं उत्पादन सावरलं नाही, तक्रारी सुरू झाल्या आणि ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. इतर काही गटांत मात्र नवी पद्धत बसवण्यातच सगळ्यांना घेतलं. तिथं कुणी काम सोडलं नाही आणि उत्पादन आधीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढलं. पुढे पहिल्या गटातल्या उरलेल्यांना याच रीतीनं दुसऱ्या कामावर नेलं, तर तेही पटकन रुळले. ‘मानसिकता’ हा शब्द वापरण्यापूर्वी एवढं आठवावं. समजावून सांगणं आणि सहभागी करून घेणं यांतला फरकही इथंच दिसतो.

दुसरी चूक फायद्यांची यादी वाचण्याची. मिळणाऱ्या लाभापेक्षा तेवढाच तोटा माणसाला जास्त टोचतो, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं. नव्या सॉफ्टवेअरनं वेळ वाचेलही, पण कुठली फाइल कुठं हे एकट्यालाच ठाऊक असलेला हेडक्लार्क एका दिवसात शिकाऊ ठरतो. त्याचा मान कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नसतो.

आणि विरोधाचं कारण दर वेळी मनातच शोधू नका. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. विणकराकडे दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, दिले तर तिसऱ्या माणसाची नोकरी जाते, हा सरळ हिशेब होता. अशा वेळी समुपदेशन नको, नोकरीची हमी द्या.

सगळ्यात घातक म्हणजे निर्णय झाल्यावर ‘सूचना कळवा’ म्हणणं. लोकांना ते लगेच कळतं, मग पुढच्या खऱ्या बैठकीतही कुणी तोंड उघडत नाही. त्यापेक्षा आधीच सांगा, ही तारीख ठरली आहे, ती हलणार नाही. पाळ्या, प्रशिक्षण आणि कामाची वाटणी मात्र तुम्ही ठरवायची.