लार्ज फॉरमॅट सुरू करताय? आधी या चुका टाळा

लार्ज फॉरमॅट म्हणजे रोलऐवजी एकेक मोठी फिल्म-शीट वापरणारा कॅमेरा. चार बाय पाच इंचांची ती शीट पूर्ण कोरी किंवा ठार काळी निघाली की नवखा माणूस आधी लाइट मीटरवर शंका घेतो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा हातांच्या क्रमात असतो.

ठार काळी निगेटिव्ह म्हणजे डार्क स्लाइड (शीटला प्रकाशापासून झाकणारी पातळ पट्टी) ओढली तेव्हा शटर उघडं होतं. फोकस करताना लिव्हरने ते उघडं ठेवावंच लागतं आणि काळ्या कापडाखालून बाहेर आल्यावर बंद करायचं राहून जातं. माझा क्रम ठरलेला आहे: फोकस, शटर बंद, अ‍ॅपर्चर, शटर चढवणं, एकदा रिकामं उडवून बघणं, पुन्हा चढवणं, मग होल्डर (दोन बाजूंना एकेक शीट बसणारी चपटी चौकट) आणि अगदी शेवटी स्लाइड. हे मी आजही पुटपुटत करते.

कोरी शीट निघाली तर स्लाइड ओढायची राहिली, किंवा मागची ओढली गेली. दुसऱ्या प्रकारात होल्डरमधली मागची शीटही प्रकाशाने खराब होते. एकावर एक दोन चित्रं उमटली असतील, तर फोटो घेतल्यावर स्लाइड उलटी करून घातली नव्हती. पांढरी बाजू बाहेर म्हणजे शीट कोरी, काळी बाजू बाहेर म्हणजे फोटो घेतलेला. पांढऱ्या बाजूच्या कडेला उंचवटे असतात. अंधारात ते बोटांना कळतात.

होल्डर भरणं हा खरा अभ्यास. शीट उभी धरून कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, की इमल्शन (प्रकाशाला संवेदनशील थर) तुमच्याकडे असतं. उलटी भरली तर प्रकाश फिल्मच्या पाठीमागून जातो आणि निगेटिव्ह फिकी येते. एक शीट सरावासाठी खर्ची घाला: आधी उजेडात, मग डोळे मिटून. मुंबई-कोकणच्या दमटपणात चेंजिंग बॅगेत (फिल्म भरायच्या अंधाऱ्या पिशवीत) हात घामेजतात आणि फिल्मवर ठसे उठतात. त्यापेक्षा रात्री, दाराच्या फटी बुजवलेलं न्हाणीघर बरं. पाच मिनिटं अंधारात थांबलात तर राहिलेल्या फटी दिसतात.

जवळचा विषय घेताना भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाग) लांबतो आणि फिल्मवर प्रकाश कमी पोचतो, हे मीटर सांगत नाही. १५० मिमी लेन्स असताना भाता ३०० मिमीपर्यंत ताणला, तर चौपट एक्सपोजर लागतं, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). खिशात मोजपट्टी ठेवा. शिवाय लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते: एचपी५ प्लस या फिल्मवर मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २० द्यावे लागतात.

प्रत्येक निगेटिव्हवर एकाच जागी काळपट पट्टा येत असेल, तर अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावा आणि घड्यांचे कोपरे बाहेरून न्याहाळा. छिद्रं बहुधा तिथेच सापडतात.

फिल्म डेव्हलप करायच्या वेळा सहसा २० अंशांसाठी दिलेल्या असतात. मे महिन्यात विदर्भात नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम येतं. डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) बर्फ टाकू नका, तो पातळ होतो. डेव्हलपरची बाटली गार पाण्याच्या टबात ठेवा आणि त्या टबात बर्फाच्या बंद बाटल्या सोडा.

महागड्या फिल्मवर शिकू नका. आठ बाय दहाच्या एक्स-रे फिल्मचे चार तुकडे करा. ग्रीन-सेन्सिटिव्ह प्रकार मंद लाल दिव्यात हाताळता येतो, त्यामुळे चित्र उमटताना बघता येतं. फक्त तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन असतं आणि त्यावर सहज ओरखडे पडतात, म्हणून ट्रेमध्ये एका वेळी एकच तुकडा ठेवा आणि तळाशी काच घाला.