स्टेप्स ठीक, कॅलरी मात्र अंदाजपंचे: घड्याळाचे आकडे बघताना या चुका टाळा

मनगटावरच्या फिटनेस घड्याळाला तुमचे पाय दिसत नाहीत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. आत अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा छोटासा सेन्सर असतो, तो हाताला बसणारे हिसके टिपतो आणि ठराविक लयीत हिसके आले की पाऊल पडलं असं धरून चालतो, बस.

त्यामुळे बाळाची गाडी ढकलत चाललात, सामानाची ट्रॉली ढकललीत किंवा ट्रेडमिलचं हँडल घट्ट धरलंत की हात स्थिर आणि स्टेप्स गायब. घाम निघालाय, पाय दुखतायत आणि आकडा जेमतेम हललाय! उलट बसल्या जागी टाळ्या वाजवल्या, दात घासले की थोड्याफार फुकटात जमा. ज्या दिवशी हात अडकलेले असतील त्या दिवशी फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा आणि त्याचा आकडा धरा. अगदी हळू चालणाऱ्यांच्या स्टेप्स पण कमी लागतात कारण हिसकाच लहान असतो, आणि घरातल्या घरात चार पावलं इकडे चार तिकडे केलेली बरीच डिव्हाइसेस मोजतच नाहीत, सलग काही पावलं पडल्याशिवाय त्यांना खात्री वाटत नाही.

शंका असेल तर नेहमीच्या वेगात मनात मोजून १०० पावलं चाला, आधीचा आकडा बघून ठेवा आणि चालून झाल्यावर थोडं थांबा, कारण स्क्रीनवर आकडा उशिरा येतो. ९५ ते १०५ आलं तर भांडू नका. ८०-८५ येत असेल तर पट्टा सैल आहे का बघा, आणि घड्याळ डाव्या हातात की उजव्या हे सेटिंगमध्ये बरोबर आहे का ते पण.

अंतराची भानगड वेगळी. जीपीएस बंद असेल तर अ‍ॅप तुमच्या उंचीवरून पावलाची लांबी ठरवतं, साधारण उंचीच्या ०.४१ पट, म्हणजे १६५ सेंमी उंचीला ६८ सेंमीच्या आसपास. तुमचं पाऊल आखूड असेल तर किलोमीटर फुगणारच. मैदानावर ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून एक फेरी मारा, पावलं मोजा, ४०० ला त्या आकड्याने भागा आणि अ‍ॅपमध्ये सोय असेल तर ती लांबी टाका.

आता कॅलरी, आणि खरा घोळ इथेच आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात डिव्हाइसेस तपासली, त्यातल्या सहांचा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत चुकत होता, पण कॅलरीत सगळ्यात चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! त्यानंतर घड्याळं सुधारली असतील, तरी वजन, वय, उंची, वेग आणि ठोके घेऊन फॉर्म्युल्यातून काढलेला तो अंदाजच आहे, मोजमाप नाही.

त्यात लोक टोटल आणि अ‍ॅक्टिव्ह कॅलरी एकच समजतात. ७० किलोचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी ४.८ किमी वेगाने तासभर चालला तर साधारण २३० कॅलरी होतात, पण त्यातल्या ७० च्या आसपास तो नुसता बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या, म्हणजे २३० ही टोटल, चालण्याच्या खात्यातल्या अ‍ॅक्टिव्ह १६० च. टोटल आकडा बघून "आज एवढं जळलं, आता खायला हरकत नाही" म्हणणाऱ्यांचं वजन जागचं हलत नाही आणि वर शिव्या घड्याळाला. माझं ऐकाल तर हा आकडा बघून जेवण ठरवूच नका, फार तर मागच्या आठवड्याशी तुलना करायला ठेवा.

वजन कमी झालंय पण प्रोफाइलमध्ये जुनंच असेल तर कॅलरी उगाच जास्त दिसतात, ते बदला. चढाचं पण बघा, ५ टक्के चढावर त्याच वेगाला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि घड्याळाला चढ कळला नाही तर ते सपाट धरूनच हिशोब करतं. आणखी एक गंमत, पट्टा सैल असला की ठोके मोजणारा सेन्सर कधीकधी नाडीऐवजी पावलांचाच ताल पकडतो. मिनिटाला ११० पावलं आणि ठोके पण बरोब्बर ११० दिसत राहिले तर संशय घ्या, घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवा आणि पट्टा आवळा.

१०,००० चा आकडा हुकला म्हणून रात्री खोलीत गोल गोल फिरायची गरज नाही, तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरमुळे रूढ झाला, डॉक्टरांनी ठरवून दिलेला नव्हे. त्यापेक्षा मिनिटाला १०० च्या आसपास पावलं पडतायत का बघा, मोठ्या माणसांसाठी तो मध्यम व्यायामाचा ढोबळ वेग मानतात.

स्टेप्स अचानक दुप्पट झाल्या तर फोन आणि घड्याळ दोन्ही एकाच हेल्थ अ‍ॅपला जोडलेत का ते बघा, कुठल्या डिव्हाइसचा डेटा आधी धरायचा हे काही अ‍ॅपमध्ये ठरवता येतं. आणि फोनवरचा आकडा दुपारनंतर गोठला तर बहुतेक बॅटरी सेव्हरने अ‍ॅप झोपवलेलं असतं, अ‍ॅपला त्यातून सूट द्या, परमिशन तपासा. लगेच अ‍ॅप काढून परत टाकू नका, डेटा अकाउंटला जोडलेला नसेल तर आधीचं सगळं रेकॉर्ड पण जाईल.