झेब्राफिशच्या भ्रूणात अवयव घडताना घरी कसे पाहावेत

हृदय आधी पूर्ण बांधून होते आणि मग धडधडू लागते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. झेब्राफिशचे भ्रूण दोन दिवस निरखले की तो राहत नाही. या माशाचे हृदय अजून साधी सरळ नळी असतानाच ठोके द्यायला लागते, आणि त्याचे कप्पे नंतर पडतात. अवयव काम करता करताच आकार घेत असतो. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मत्स्यालयाच्या दुकानातले पाच-सहा मासे, शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक आणि थोडे जागरण एवढे पुरते.

मासा आपल्याच उपखंडातला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. पुढे अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले आणि 1981 च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर जगभर त्याचा वापर वाढला. कारण सरळ आहे: अंडी शरीराबाहेर वाढतात आणि काचेसारखी पारदर्शक असतात.

1. मासे आणि टाकी

साधे निळे-रुपेरी पट्ट्यांचे मासे घ्या. चमकत्या गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे जनुकीय बदल केलेले असतात, ते टाळा. मादीचे पोट गोल, फुगीर दिसते. नर सडपातळ असतो आणि त्याच्या पट्ट्यांमध्ये पिवळसर झाक असते. दोन नर आणि तीन-चार माद्या पुरेत. नळाचे पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच वापरा, आणि हीटरने तापमान 28 अंशांच्या आसपास राखा.

टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर द्या. ही पायरी वगळू नका. हे मासे स्वतःचीच अंडी खातात. गोट्यांच्या फटीत पडलेली अंडी तेवढी वाचतात.

2. माशांची सकाळ रात्री 9 वाजता करा

झेब्राफिश उजाडता उजाडता अंडी घालतात. नैसर्गिक वेळेवर सोडले तर अंडी सकाळी सहा-सातला येतील आणि शरीराची घडण सुरू होऊन हृदय चालू होईपर्यंतचा बराचसा काळ तुमच्या झोपेत जाईल. म्हणून टाकीवर जाड काळे कापड घाला आणि दिव्याला टायमर लावा: रात्री 9 ते सकाळी 11 उजेड, सकाळी 11 ते रात्री 9 अंधार. म्हणजे 14 तास दिवस, 10 तास रात्र. माशांना हे वेळापत्रक अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे द्या आणि त्या काळात त्यांना चांगले खाऊ घाला.

मग एका रात्री दिवा लागला की नर माद्यांचा पाठलाग सुरू करतील. साधारण तासाभराने बारीक नळीने गोट्यांमधले पाणी ओढून चहाच्या गाळणीत घ्या. जेमतेम मिलिमीटरभर आकाराची पारदर्शक अंडी दिसतील. एक मादी एका वेळी शंभराहूनही जास्त अंडी घालू शकते. तुम्हाला तीस-चाळीस पुष्कळ झाली.

3. अंडी ठेवायची कशी

उथळ, झाकणाच्या पारदर्शक डबीत स्वच्छ पाणी घ्या. दुकानात माशांच्या बुरशीवर मिळणारे मिथिलीन ब्लू अगदी फिकट निळी छटा येईल एवढेच घाला. डबी टाकीच्या कोमट पाण्यावर तरंगत ठेवली की वेगळ्या इनक्युबेटरची गरज नाही. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. ती ड्रॉपरने लगेच काढा, नाहीतर बुरशी सगळीकडे पसरते.

पुढे दिलेले तास अंडे फलित झाल्यापासूनचे आणि 28.5 अंशांवरचे आहेत. पाणी 25 अंशांवर असेल तर 24 तासांची अवस्था गाठायला जवळजवळ 30 तास लागतात. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात हा फरक चांगलाच जाणवेल. घड्याळ आणि भ्रूण यांचे जुळले नाही तर भ्रूणाचे खरे माना.

4. पहिली रात्र आणि पुढची सकाळ

खोलगट काचपट्टीवर पाण्यासह एक अंडे घ्या आणि सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहा. पाऊण तासाच्या सुमारास एका पेशीच्या दोन होतात आणि मग दर 15 मिनिटांनी दुप्पट. तीन तासांत बलकाच्या डोक्यावर सुमारे हजार पेशींचा ढीग जमतो. आता खुशाल झोपा. रात्रभरात हा ढीग माकडटोपी खाली ओढावी तसा बलकावरून खाली सरकतो आणि 10 तासांनी, म्हणजे सकाळी सातच्या सुमारास, बलक पूर्ण झाकला जातो.

आता दिवसभर बसायची तयारी ठेवा. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ठोकळे उमटू लागतात. हे सोमाइट, यांतून पुढे स्नायू आणि मणके होतात. मानेकडून शेपटीकडे साधारण अर्ध्या तासाला एक जोडी वाढत जाते. जोड्या मोजल्या की भ्रूणाचे वय कळते. डोळ्यांचे उंचवटे याच सुमारास, 11-12 तासांना, दिसतात.

दुपारच्या आत, 12 ते 14 तासांदरम्यान, थोडी शक्ती वाढवून शेपटीच्या टोकाकडे एक गोल बुडबुडा शोधा. कुप्फरची पुटिका ती. आतल्या केसासारख्या तंतूंच्या फिरण्याने तिच्यातला द्रव डावीकडे वाहतो, आणि त्या प्रवाहावरून शरीराला आपली डावी-उजवी बाजू कळते. तंतू शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, पण पुटिका दिसते. काही तासांत ती नाहीशी होते, म्हणून चुकवू नका. तंतू हललेच नाहीत तर हृदय आणि यकृत कोणत्या बाजूला जाईल याचा नेम राहत नाही.

17-18 तासांना शेपटी झटके देऊ लागते. या वेळी मेंदूचा हुकूम वगैरे काही नसतो; पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी आपणहून स्नायूंना उचकवतात.

5. हृदय

रात्री आठ-नऊच्या सुमारास, 22 ते 24 तासांना, डोके आणि बलक जिथे भेटतात त्या खाचेत पाहा. भ्रूण आडवे असेल तर सोपे जाते. नसेल तर ड्रॉपरने पाण्याचा हलका फवारा देऊन वळवा. सुरुवातीला एक थरथर दिसते, मग लय बसते. त्याच वेळी डोळ्यामागे कानाची पुटिका आणि तिच्यातले दोन चमकदार खडेही दिसतात. तोल सांभाळायला लागणारे ते खडे.

डोळा लावून ठोके मोजणे कंटाळवाणे असते. मोबाइल भिंगावर धरून 15 सेकंदांचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि सावकाश मोजा. दुसऱ्या दिवशी ठोके मिनिटाला 120 च्या वर जातात.

48 तासांना परत पाहा. नळी वाकलेली असते. एक अलिंद (रक्त आत घेणारा कप्पा), एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा), आणि आधी अलिंद आकुंचन पावून मग निलय हे स्पष्ट कळते. शेपटीत तांबड्या पेशी एकामागून एक धावताना दिसतात. हे वाकणे आणि झडपा बसणे रक्तप्रवाहावर अवलंबून असते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी भ्रूणाच्या हृदयात रक्त शिरण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर काचेचा सूक्ष्म मणी अडकवला, तर हृदय नीट वाकले नाही आणि झडपाही घडल्या नाहीत.

रक्त वाहिले नाही तर भ्रूण लगेच मरत का नाही? शरीर इतके लहान आहे की प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो. हृदय अजिबात न चालणारे भ्रूणही काही दिवस जगतात. सस्तन प्राण्यांत असे पाहायला मिळत नाही. हृदयावर काम करणाऱ्यांना हा मासा आवडतो तो याचसाठी.

6. यकृत, आतडे, वाताशय

48 ते 72 तासांत पिल्ले कवच फोडून बाहेर येतात. कवच स्वतः फाडायला जाऊ नका. यकृत डावीकडे आणि स्वादुपिंड उजवीकडे असते. पण आता अंगावर काळे ठिपके आलेले असल्याने साध्या भिंगातून यकृत नीट ओळखू येईलच असे नाही. प्रयोगशाळेत रंगद्रव्य रोखणारे रसायन वापरतात. ते विषारी आहे, घरी नको.

त्यापेक्षा चौथ्या दिवशी आतड्याकडे बघा. लाटेसारखी आकुंचने दिसतात, पोटात अजून अन्नाचा कणही गेलेला नसताना. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी वाताशय, म्हणजे माशाला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, फुगतो. त्यासाठी पिल्लाला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. डबी काठोकाठ भरलेली किंवा पाण्यावर तेलकट थर असेल तर ते जमत नाही आणि पिल्लू तळाशीच राहते.

7. पाचव्या दिवसानंतर

बलक संपत आला की पिल्लाला बाहेरचे अन्न लागते. युरोपीय संघाच्या नियमांत स्वतंत्रपणे खाऊ लागलेले पिल्लू संरक्षित प्राण्यांत मोडते. घरीही हीच रेषा पाळावी: पोसायची तयारी असेल तरच त्यापुढे जा. पहिले काही दिवस पॅरामिशियमसारखे सूक्ष्मजीव, मग आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्ले. मासे ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका.

पोसलीत तर साधारण तीन महिन्यांत प्रौढ मासे होतील. जननग्रंथी सर्वांत शेवटी ठरतात. सुरुवातीला सगळ्यांच्याच ग्रंथी अंडाशयासारख्या वाढतात, आणि जे नर होणार असतात त्यांच्यात काही आठवड्यांनी त्या मोडून वृषणे घडतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात नर कोणता आणि मादी कोणती हे ठरवत बसू नका.