लॅपटॉपची डिस्क बदलताय? सॉफ्टवेअर गमवायचं नसेल तर या चुका टाळा

फोंडा-म्हापशात डीटीपीचं काम करणाऱ्या अनेकांच्या लॅपटॉपवर जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं आणि देवस्थानच्या पत्रिका असतात. या फायली पेन ड्राइव्हवर ठेवता येतात. पण सीडी कधीच हरवलेलं पानं मांडायचं जुनं पेजमेकर नि श्री-लिपीचे मराठी फाँट गेले तर काम तिथंच थांबतं. म्हणून संथ हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घालताना ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर कॉपी करून भागेल असं मुळीच समजू नका. सॉफ्टवेअरच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत, आणि लपलेल्या फोल्डरांत विखुरलेल्या असतात. अख्खी डिस्कच क्लोन करायला, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल काढायला हवी, तीही लॅपटॉप सुरू (बूट) करणाऱ्या छोट्या ईएफआय पार्टिशनसकट (डिस्कच्या वेगळ्या भागासकट). नुसता सी ड्राइव्ह उचलला तर नवी डिस्क सुरूच होत नाही.

खरेदीआधी लॅपटॉपचं मॅन्युअल उघडा. एम.२ प्रकारातली, म्हणजे छोट्या पट्टीसारखी, साटा आणि एनव्हीएमई या दोन जोडणीपद्धतींची एसएसडी दिसायला जवळजवळ सारखीच, पण काही स्लॉट दोन्हींपैकी एकच चालवून घेतात. क्षमतेतही फसायला होतं. क्लोन करणारं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर मोफत आणि भरवशाचं आहे, मात्र त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. १ टीबीच्या डिस्कवर २०० जीबीच भरलेले असले तरी ५१२ जीबीवर ते सरळ क्लोन करत नाही.

सगळ्यात महागात पडते ती बिटलॉकरकडे, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनकडे, केलेली डोळेझाक. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. आधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संगणकाशी बांधलेलं असतं, तेही आधी सरेंडर करा, म्हणजे जुन्या डिस्कवरून सोडवून घ्या. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डवर अवलंबून असल्याने त्याची काळजी नको.

जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर चेकडिस्क चालवत बसू नका. त्या तपासणीने मरणाऱ्या डिस्कवरचा ताण वाढतो. आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढा. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरी दम धरत नसेल तर लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावूनच क्लोनिंग सुरू करा, स्लीप मोडही बंद ठेवा.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढा आणि पहिल्यांदा फक्त नवीवर लॅपटॉप सुरू करा. दोन्हींची ओळख एकच असल्याने एकत्र जोडल्या तर विंडोज त्यांतली एक ऑफलाइन करू शकतं. रोजचं प्रत्येक सॉफ्टवेअर उघडून, प्रिंट काढून पाहिल्याशिवाय जुनी फॉरमॅट करू नका.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर घाबरून विंडोज नव्याने टाकायला जाऊ नका, तसं केलं तर सगळी मेहनत पाण्यात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) स्टोरेजचा मोड पूर्वीचाच आहे ना ते बघा. साटावरून एनव्हीएमईवर आला असाल तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा, बहुतेक वेळा विंडोज नवा ड्रायव्हर तिथंच उचलतं. डिस्क मोठी असूनही सी ड्राइव्ह जुन्याच आकाराचा दिसला तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन अडलेलं असतं. ते उडवू नका, पार्टिशनच्या साधनाने शेवटाला सरकवा आणि मग सी वाढवा.